न्यू जर्सीतलं जुनं घर, वादळं आणि धुराडं: चिमणीचं इन्स्पेक्शन नीट कसं करून घ्यायचं

एडिसन, मेटचन, हायलंड पार्क, मेपलवूड, माँटक्लेअर या सगळ्या पट्ट्यात आपल्या बऱ्याच लोकांनी जुनी घरं घेतलीत. १९२०-३० च्या सुमाराची, छपरावर विटांची चिमणी, हॉलमध्ये फायरप्लेस आणि त्याच्या मॅन्टलवर आपले गणपती. पण चिमणी शेवटची कधी तपासली असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं, अहो आम्ही फायरप्लेस पेटवतच नाही, मग उगाच पैसे कशाला घालवायचे.

गोची इथेच आहे. फायरप्लेस विसरा आणि आधी खाली बेसमेंटमध्ये जा. बॉयलर किंवा फर्नेस, आणि शेजारचा वॉटर हीटर, यांच्या डोक्यावरून निघालेला पत्र्याचा पाइप कुठे जातो ते बघा. जुन्या घरात तो बहुतेक वेळा त्याच विटांच्या चिमणीत शिरलेला असतो. बाहेरून चिमणी एक दिसते पण आत दोन किंवा तीन वेगळी नळकांडी असतात, त्यांना फ्लू म्हणतात. एक फायरप्लेसचा, एक गरम पाण्याचा न् हीटिंगचा. म्हणजे तुम्ही लाकूड एकदाही जाळलं नसेल तरी ती चिमणी रोज, अगदी जुलैमध्येसुद्धा, चालूच असते, कारण आंघोळीचं पाणी रोज तापतं. ती तुंबली किंवा आतून फुटली तर कार्बन मोनॉक्साइड घरात येतो, ज्याला ना रंग ना वास.

त्यात आणखी एक भानगड असते. आधी बॉयलर आणि वॉटर हीटर दोघं मिळून एकाच फ्लूमध्ये धूर सोडायचे. मग आधीच्या मालकाने नवा हाय एफिशियन्सी फर्नेस बसवला, त्याचा धूर पांढऱ्या पीव्हीसी पाइपने थेट भिंतीतून बाहेर गेला, आणि त्या अवाढव्य फ्लूमध्ये मागे उरला एकटा वॉटर हीटर. तेवढी चिमणी तापवायची ताकद त्याच्यात नाही, धूर वर जाताजाताच गार पडतो, त्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि ते आम्लयुक्त पाणी आतल्या मातीच्या नळ्या आणि विटांमधला चुना वर्षानुवर्षं खात बसतं. गॅसचा धूर स्वच्छ दिसतो, काजळी धरत नाही, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. फर्नेस बदललेलं जुनं घर घेतलं असेल तर इन्स्पेक्शनवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा, की आता या फ्लूचा आकार एकट्या वॉटर हीटरला चालतो का.

चिमणीला खरं मारतं ते पाणी

लोकांना वाटतं चिमणीचा शत्रू आग. आग धोकादायक आहेच, पण इकडच्या जुन्या चिमण्या बहुतेक पाण्याने मरतात. जून ते नोव्हेंबर हरिकेन सीझन, तो संपत नाही तोवर नॉरईस्टर, म्हणजे ईशान्येकडून झोडपणारी थंडीतली वादळं सुरू, ती एप्रिलपर्यंत. सॅन्डी २९ ऑक्टोबर २०१२ ला ब्रिगँटाइनजवळ किनाऱ्याला लागलं, ऑगस्ट २०२० मध्ये इसायसने लाखो घरांची वीज घालवली, १ सप्टेंबर २०२१ ला आयडाच्या उरल्यासुरल्या ढगांनी रात्रीत बेसमेंटं भरली. या वादळांतला पाऊस सरळ पडत नाही, आडवा मारतो, आणि घराचा सगळ्यात उघडा, चारी बाजूंनी वारा खाणारा भाग म्हणजे छपरावरची चिमणी.

वादळात पाणी भेगेत शिरतं, पण खरं काम पुढच्या थंडीत होतं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, भेग रुंदावते, मग वितळतं, आणखी पाणी शिरतं, पुन्हा गोठतं. न्यू जर्सीत एकाच आठवड्यात हे दोनतीनदा होऊ शकतं. म्हणून ऑक्टोबरच्या वादळाने केलेलं नुकसान एप्रिलमध्ये विटांचे पापुद्रे निघायला लागल्यावर दिसतं, तोपर्यंत तुम्ही वादळ विसरलेलेही असता.

कुणाला बोलवायच्या आधी स्वतः अर्धा तास द्या

छपरावर चढू नका, तसल्या फंदात पडायचंच नाही. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून दुर्बीण लावा किंवा फोनचा कॅमेरा झूम करा. वर टोपी, म्हणजे जाळीवाली स्टीलची कॅप आहे का, तिरकी झालीय का. तिच्याखाली सिमेंटचा उतार असतो, त्याला क्राउन म्हणतात, त्यात भेगा आहेत का. क्राउन विटांच्या थोडा बाहेर यायला हवा, म्हणजे पाणी विटांवरून न ओघळता खाली टपकतं, जुन्या घरात तो बहुधा नुसता गिलावा थापलेला असतो. विटांच्या दर्जा, म्हणजे दोन विटांमधले मसाल्याचे सांधे, झिजून आत गेल्यात का, विटांवर पांढरा लोणा लागलाय का. लोणा दिसला म्हणजे विटेत पाणी शिरून बाहेर येतंय, नुसता घासून काढून उपयोग नाही, पाणी कुठून शिरतंय ते शोधायला लागतं. चिमणी आणि घराच्या भिंतीमध्ये वर रुंद होत जाणारी फट दिसली तर मात्र थांबू नका, लगेच फोन करा, कारण मग चिमणी घरापासून सुटून कलायला लागलीय.

मग अॅटिक. चिमणी जिथून छपरातून बाहेर जाते तिथे टॉर्च मारा, लाकडावर काळपट डाग, ओल, कुजका वास. तिथे बाहेरून फ्लॅशिंग असतं, म्हणजे छप्पर आणि विटांच्या सांध्यावरचा पत्रा, आणि चिमणीच्या गळतीचा पहिला संशयित बहुतेकदा तोच. नीट काम असेल तर वरचा पत्रा विटांच्या दर्जेत खोचलेला असतो, आणि काळं डांबर नाहीतर सिलिकॉन फासलेलं दिसलं तर समजा कुणीतरी वेळ मारून नेलीय.

आता पुन्हा बेसमेंट. चिमणीच्या पायथ्याशी एक छोटं लोखंडी दार असतं, क्लीनआउट. जुनं वर्तमानपत्र अंथरा, मास्क आणि हातमोजे घाला, दार उघडून टॉर्च मारा. थोडी राख, काजळी असणारच. पण पापडासारखे पातळ तांबूस तुकडे पडलेले दिसले तर ते आतल्या मातीच्या नळ्यांचे पापुद्रे आहेत, म्हणजे लायनर, फ्लूचं आतलं अस्तर, सोलला जातोय. फोटो काढून ठेवा, इन्स्पेक्शनवाल्याला दाखवायला. दार ओलं, गंजलेलं असेल तर वरून पाणी थेट खालपर्यंत येतंय.

आणि वॉटर हीटरच्या डोक्यावर नक्की बघा. गॅसच्या साध्या हीटरला वर पत्र्याची छोटी टोपी असते जिच्यातून धूर पाइपात जातो, तिच्या आसपास गंज, काळसरपणा, किंवा गरम-थंड पाण्याच्या जोडाजवळच्या प्लॅस्टिकच्या रिंगा वितळलेल्या दिसल्या तर धूर वर न जाता उलटा खोलीत आलेला आहे, आज नाही तर कधीतरी. हे दिसलं तर इन्स्पेक्शनची अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात वगैरे नाही, त्याच दिवशी गॅस कंपनीला नाहीतर हीटिंगवाल्याला फोन.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बेडरूमच्या बाहेर आहे ना आणि त्याच्या मागची एक्स्पायरीची तारीख उलटली नाही ना, तेही याच फेरीत उरकून घ्या.

लेव्हल एक, दोन, तीन

अमेरिकेत चिमणी तपासणीचं जे स्टँडर्ड मानतात ते नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचं एनएफपीए २११, त्यात तीन लेव्हल दिलेल्या आहेत, आणि ही लेव्हलची भाषा आली की फोनवर समोरचा माणूस तुम्हाला जरा सांभाळून बोलतो. लेव्हल १ म्हणजे वर्षातून एकदाची नेहमीची तपासणी, जे हाताला डोळ्याला सहज लागतं तेवढंच, घरात काही बदललेलं नाही आणि तक्रार नाही अशांसाठी. लेव्हल २ मध्ये अॅटिक, बेसमेंट, क्रॉल स्पेस सगळं येतं आणि मुख्य म्हणजे फ्लूच्या आतून कॅमेरा फिरवतात. घर विकताना किंवा विकत घेताना, हीटिंगचं उपकरण किंवा इंधन किंवा लायनर बदलताना, आणि चिमणीत आग, भूकंप, वादळ असं काही होऊन गेल्यावर लेव्हल २ करायची असं तिथे स्पष्ट आहे. लेव्हल ३ म्हणजे भिंत किंवा चिमणीचा भाग फोडून बघणं, ते लेव्हल २ मध्ये काही गंभीर सापडलं आणि दुसरा मार्ग नसेल तरच.

माझं मत विचाराल तर जुन्या घरात पहिल्यांदा करताय तर लेव्हल १ वर पैसे घालवूच नका, सरळ लेव्हल २ करा. एकदा आतला व्हिडिओ हातात आला की पुढची काही वर्षं लेव्हल १ पुरते, कारण तुलना करायला काहीतरी असतं. लेव्हल १ शेदोनशे डॉलरच्या आसपास पडते, कॅमेऱ्यावाली काही शे डॉलर, आणि लायनर बदलायची वेळ आली तर तो खर्च काही हजारांत जातो, तेव्हा पैसे वाचवायची जागा ही नव्हे.

घर घेताना होम इन्स्पेक्टरने चिमणी बघितली होती की, असं लोक म्हणतात. त्याने बाहेरून बघितली. फ्लूच्या आत बघणं त्याच्या कामात साधारणपणे येतच नाही, आणि त्याच्या रिपोर्टमध्ये बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. म्हणून अटर्नी रिव्ह्यू, म्हणजे वकिलांनी करार तपासायची मुदत, संपून इन्स्पेक्शनची मुदत सुरू झाली की त्याच दिवसांत चिमणीचा माणूस वेगळा बोलवा, म्हणजे जे निघेल ते विकणाऱ्याशी बोलता येतं. क्लोजिंगनंतर कळलं तर सगळं तुमच्या खिशातून.

माणूस कसा निवडायचा

सीएसआयए, म्हणजे चिमनी सेफ्टी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, यांचं सर्टिफिकेट असलेला माणूस शोधा, त्यांच्या साइटवर झिपकोड टाकून यादी निघते. सर्टिफिकेट माणसाला मिळतं, तीन वर्षांनी रिन्यू करावं लागतं, तेव्हा फोनवर नुसतं कंपनी सर्टिफाइड आहे का असं विचारू नका, माझ्याकडे जो येणार त्याचं आहे का असं विचारा. न्यू जर्सीत दुरुस्तीची कामं करणाऱ्याचं होम इम्प्रूव्हमेंट कॉन्ट्रॅक्टर म्हणून डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्सकडे रजिस्ट्रेशन लागतं, तो नंबर त्याच्या गाडीवर आणि कागदावर हवा. लायबिलिटी इन्शुरन्सचा कागद ईमेलवर मागवा, द्यायला का कू केलं तर नमस्कार करून सोडून द्या.

या धंद्यात फसवाफसवी भरपूर आहे हे सांगायलाच हवं. ठरलेली पद्धत अशी, पोस्टाने किंवा फोनवर पन्नासेक डॉलरचं क्लीनिंगचं कूपन येतं, माणूस येऊन दहा मिनिटांत वर जाऊन खाली येतो आणि चेहरा पाडून सांगतो की लायनर फुटलाय, आज रात्री हीटिंग लावलंत तर घरात गॅस भरेल, पण आज सही केलीत तर डिस्काउंट. एका मैत्रिणीकडे असाच एकजण आला, फोनवर फुटक्या क्राउनचा फोटो दाखवला, आणि ती सही करणारच होती इतक्यात तिच्या सासूबाई म्हणाल्या, अगं आपल्या विटा पिवळट आहेत ना, या तर तांबड्या दिसतायत. फोटो भलत्याच घराचा होता.

म्हणून नियम साधा ठेवा. फोटो आणि व्हिडिओ तुमच्या डोळ्यासमोर काढलेला, सुरुवातीला तुमच्या घराचं काहीतरी ओळखीचं दिसणारा, आणि त्याची कॉपी तुम्हाला मिळणारी. मोठं काम निघालं तर दुसऱ्या माणसाचं मत, शक्यतो अशाचं जो नुसतं इन्स्पेक्शन करतो, दुरुस्ती विकत नाही. न्यू जर्सीत ५०० डॉलरच्या वरचं काम लेखी कॉन्ट्रॅक्टशिवाय करता येत नाही, आणि कॉन्ट्रॅक्टची प्रत हातात आल्यापासून तीन बिझनेस डेच्या आत तुम्ही ते रद्द करू शकता. खरोखरच धोका असेल तर प्रामाणिक माणूस म्हणतो, उपकरण बंद ठेवा आणि दुसऱ्यालाही दाखवा. आजच सही करा असं म्हणत नाही.

त्या दिवशी काय करायचं

आदल्या दिवसापासून फायरप्लेस पेटवू नका, समोरचं सामान, गालिचा, मॅन्टलवरच्या मूर्ती बाजूला काढा, बेसमेंट आणि अॅटिकची वाट मोकळी करा. आणि घरी थांबा. घरी थांबा म्हणजे झूम मीटिंगमध्ये बसून नाही, त्याच्या मागे मागे फिरा.

कॅमेरा आत गेला की स्क्रीनवर साधारण दोन दोन फुटांच्या मातीच्या नळ्या एकावर एक रचलेल्या दिसतात. त्यांच्या सांध्यांवर लक्ष ठेवा. सांध्यातला मसाला गळून काळी फट दिसतेय का, उभी भेग आहे का, एखादी नळी सरकून पायरी पडलीय का. खूप जुन्या घरात तर नळ्याच नसतात, थेट विटा दिसतात, म्हणजे लायनरच नाही. प्रत्येक ठिकाणी त्याला थांबवून विचारा हे वरून किती फुटांवर आहे, आणि रिपोर्टमध्ये तो आकडा लिहायला सांगा. लाकूड जाळत असाल तर क्रिओसोटचा, म्हणजे लाकडाच्या धुराने आत धरलेल्या काळ्या काजळीचा, थर किती ते मोजून घ्या, हा थर इंचाच्या आठव्या भागाएवढा झाला की साफ करायची वेळ आली, आणि काचेसारखा चकचकीत काळा थर असेल तर त्याहून कमी असला तरी लाकूड पेटवणं बंद, कारण चिमणीला आग लागते तेव्हा तोच पेट घेतो. उन्हाळ्यात दमट दिवशी फायरप्लेसमधून डांबरासारखा वास येतो ना, तो याचाच.

उंचीचंही विचारा. लाकडाच्या चिमणीला छपरातून निघते तिथून किमान ३ फूट, आणि १० फुटांच्या आत जे काही असेल त्याच्यापेक्षा २ फूट उंच, असा नियम आहे. आधीच्या मालकाने मागे मजला चढवला असेल तर तो मोडलेला असतो आणि वाऱ्यात धूर उलटा येतो. चिमणीची रुंदी ३० इंचांपेक्षा जास्त असेल तर तिच्या मागे छपरावर पाणी दोन्हीकडे वळवणारा छोटा उंचवटा, क्रिकेट म्हणतात त्याला, आहे का तेही बघायला सांगा. ते नसेल तर वादळात तिथे पानं आणि पाणी साठून फ्लॅशिंगची वाट लागते.

दुरुस्तीत कुठे फसतात

विटा जुन्या आणि मऊ आहेत, त्यात दर्जा भरायला खूप कडक सिमेंट वापरलं तर गोठण्या-वितळण्याचा सगळा ताण विटेवर येतो आणि वीट फुटते. मसाला विटेपेक्षा मऊ हवा, कोणता वापरणार ते कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहून घ्या. वॉटरप्रूफिंग म्हणून कुणी रंग किंवा चकचकीत सीलर मारायला आला तर नको म्हणा, आतली ओल बाहेर पडू देणारं सायलेन-सिलॉक्सेनवालं औषध हवं, आणि तेही आधी दर्जा आणि क्राउन नीट केल्यावरच. लायनर बदलायचा तर टाउनचं परमिट लागतं का ते आधी विचारा. नवा बॉयलर किंवा वॉटर हीटर बसवताना टाउन चिमणी योग्य असल्याचा सही केलेला फॉर्मही मागतं, चिमणी न बघताच त्या फॉर्मवर सही करणारे महाभाग आहेत, म्हणून सही करणाऱ्याने फ्लू खरंच तपासला का ते विचारायचं.

वादळ होऊन गेल्यावर

पुन्हा तेच, छपरावर जाऊ नका. खालून कॅप आहे का बघा, अंगणात विटेचे तुकडे, पत्रा पडलाय का बघा. कॅप उडाली असेल, झाड किंवा फांदी चिमणीवर आली असेल, वीज पडली असेल तर लेव्हल २ होईपर्यंत त्या चिमणीवरचं काहीच चालवायचं नाही, बॉयलरसुद्धा, मग थंडी असली तरी ब्लँकेट काढा नाहीतर मित्राकडे जा. बेसमेंटमध्ये पाणी येऊन बॉयलर किंवा हीटर बुडाला असेल तर वाळल्यावर आपणच पेटवायचा नाही, लायसन्सवाल्याने बघितल्याशिवाय नाहीच. वीज गेल्यावर जनरेटर घरापासून किमान २० फुटांवर, गराजमध्ये दार उघडं ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर खिडक्या उघडत बसू नका, सगळे बाहेर आणि ९११.

इन्शुरन्सचं सांगायचं तर वाऱ्याने पाडलेली चिमणी आणि तीस वर्षं झिजलेली चिमणी यात ते फरक करतात आणि झिजलेलीचे पैसे देत नाहीत. वादळाच्या आधीच्या तारखेचा रिपोर्ट आणि फोटो असतील तर वाद घालायला जागा राहते. पॉलिसीत हरिकेन डिडक्टिबल, म्हणजे नुकसानातला आधी आपल्या खिशातून भरायचा हिस्सा, वेगळं आहे का तेही आजच वाचून ठेवा, ते बहुतेक वेळा घराच्या विम्याच्या रकमेच्या टक्क्यांत असतं आणि आकडा बघून दचकायला होतं. सॅन्डीच्या वेळी वादळ किनाऱ्याला लागलं तेव्हा ते तांत्रिकदृष्ट्या हरिकेन उरलं नव्हतं म्हणून गव्हर्नर क्रिस्टी यांनी कंपन्यांना ते डिडक्टिबल लावू दिलं नव्हतं, पण दरवेळी असं नशीब असेलच असं नाही.

वेळ कोणती? सप्टेंबर ते डिसेंबर सगळे चिमणीवाले बुक असतात आणि थंडी पडली की विटांचं काम नीट होत नाही, मसाल्याला ४० फॅरेनहाइटच्या वरचं तापमान लागतं. एप्रिलच्या शेवटी, नॉरईस्टर संपल्यावर आणि हरिकेन सुरू व्हायच्या आधी बोलवा. मेमध्ये उशीर केलात तर आणखी एक अडचण, चिमनी स्विफ्ट नावाचे छोटे पक्षी दक्षिण अमेरिकेतून येऊन कॅप नसलेल्या चिमणीत घरटी करतात, आणि १९१८ च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी कायद्यामुळे अंडी-पिल्लं असलेलं घरटं काढता येत नाही. आतून किलबिल ऐकू आली तर डँपर, म्हणजे फायरप्लेसवरची फ्लूची झडप, बंद ठेवा, खालून आग लावू नका, आणि पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा. ते घरटं नेमकं वॉटर हीटरच्या फ्लूमध्ये असेल तर मात्र हीटर बंद करून चिमणीवाल्याला आणि वाइल्डलाइफच्या लोकांना फोन करा. मग हिवाळ्याआधी कॅप बसवून घ्या.